एका चित्रासमोर किती वेळ थांबायचं?

प्रश्न: म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधली आर्ट गॅलरी बघायला चाललोय. एरवी आम्ही फोटो काढतो नि पुढे सरकतो, चित्र नीट बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो?

उत्तर: तिथं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, सगळं सोडून आधी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. बरेच जण ते रवी वर्म्याचं समजतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं आहे, नि मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगीच उभी होती. आधी लांबून बघा, उजेड कुठून येतोय ते शोधा, मग जवळ जाऊन तिच्या ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं बघा, उजेड आरपार येऊन ती कशी लालसर झालीयत, अगदी लाइट गेल्यावर आपण टॉर्चवर हात ठेवला की दिसतात तशी! आणि हे सगळं वॉटरकलरमध्ये, म्हणजे चुकलं तर ऑइलसारखं वरून झाकताही येत नाही. मग साडीच्या चुण्यांकडे या, चेहरा शेवटी. फोटोचं नंतर बघू.