वाचक विचारतात : बंद पडलेल्या विमान कंपनीचं नाव पुन्हा उडतं तेव्हा

बंद पडलेली विमान कंपनी नवा मालक पुन्हा सुरू करणार, अशा बातम्या दर वर्षा-दोन वर्षांनी येतात. त्यावरचे प्रश्न आम्ही नागपूरच्या वाचकांकडून मागवले होते. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

जेट एअरवेजचं नाव उद्या कुणी विकत घेतलं, तर तीच कंपनी परत आली असं समजायचं का? घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय पडतं?
– वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, धरमपेठ

तीन वस्तू वेगवेगळ्या करून बघा: नाव, कंपनी आणि उड्डाणाचा परवाना. प्रवाशाला त्या एकच वाटतात, पण त्यांची खरेदी-विक्री वेगवेगळ्या वाटांनी होते.

नुसतं नाव विकत घेतलं तर हाती येतो ट्रेडमार्क, बोधचिन्ह, रंगसंगती आणि फार तर संकेतस्थळाचा पत्ता. अमेरिकेतली पॅन ॲम डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिचं नाव पुढे सुमारे १३ लाख डॉलरला विकलं गेलं, म्हणजे एका मोठ्या विमानाच्या किमतीपुढे चिल्लर. त्या नावाने १९९६ मध्ये नवी कंपनी उडाली आणि १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. विमानं, माणसं, मार्ग यांतलं जुन्या कंपनीचं तिच्याकडे जवळपास काहीच नव्हतं.

कंपनीच घ्यायची तर दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून योजना मंजूर करून घ्यावी लागते. जेटचं तसंच झालं. शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला, जूनमध्ये प्रकरण न्यायाधिकरणापुढे, जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक गटाची योजना मंजूर, २० मे २०२२ ला डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवानाही पुन्हा मिळाला. तरीही तिकीट काढून एकही प्रवासी त्या विमानात बसला नाही. बँकांना द्यायच्या ३५० कोटींच्या पहिल्या हप्त्यात १५० कोटींची बँक हमी वळती करून घ्यावी, असा नव्या मालकांचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही, भरलेले २०० कोटी जप्त केले आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून ती मोडीत काढायचा, आदेश दिला. आता अवसायकाकडून कुणी नाव उचललं, तरी त्या नावामागे परवाना येणार नाही.

तिसरी वाट नेमकी उलटी. मोदीलुफ्त १९९६ मध्ये बंद पडली, पण परवाना असलेली कंपनी कागदावर शिल्लक होती. तीच रॉयल एअरवेज झाली आणि मे २००५ मध्ये स्पाइसजेट म्हणून उडू लागली. तिथे जुन्या नावाला बाजारात किंमत नव्हती, कागदांना होती. आमच्या मते गुंतवणूकदाराने आधी हीच गोष्ट तपासावी. नाव गाजलेलं असलं की कागदांकडे दुर्लक्ष होतं.

५ वर्षं वापरलं नाही तर ट्रेडमार्क मोकळा होतो असं ऐकलं आहे. मग बंद कंपनीचं नाव फुकट का मिळू नये?
– प्रवासी तिकीट विक्रेते, सीताबर्डी

मोकळा आपोआप होत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ४७ नुसार, सलग ५ वर्षं नाव वापरात नसेल तर ते नोंदवहीतून काढण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेआधीचे ३ महिने या मोजणीत धरत नाहीत, म्हणजे कुणी अर्ज करणार असा सुगावा लागल्यावर घाईने केलेला वापर मालकाच्या कामी येत नाही. मात्र व्यवसायातल्या विशेष परिस्थितीमुळे वापर थांबला होता, असा बचाव त्याला करता येतो. दिवाळखोरीचा दावा चालू असलेल्या कंपनीच्या बाबतीत हा मुद्दा हमखास निघतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो.

फुकटच्या नादी लागण्यापेक्षा रीतसर खरेदी बरी. त्यासाठी आधी वाहतूक सेवांच्या ३९व्या वर्गात शब्द आणि चिन्ह दोन्ही कुणाच्या नावावर आहेत ते मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदीत पाहा. पुष्कळदा नाव विमान कंपनीच्या नव्हे, तर प्रवर्तकांच्या दुसऱ्याच कंपनीच्या मालकीचं निघतं, किंवा एखाद्या बँकेकडे गहाण असतं. नोंदणी १० वर्षांची असते. मुदत संपून ६ महिन्यांपर्यंत दंडासह आणि त्यानंतर वर्ष पुरं होईपर्यंत पुनर्स्थापनेचा अर्ज करून ती जिवंत ठेवता येते. बंद कंपनीत या तारखेवर कुणाचं लक्ष नसतं, तेव्हा करारावर सही करण्याआधी ती बघा. हस्तांतरणाची नोंद टीएम-पी अर्जाने होते. धंद्याच्या नावलौकिकाशिवाय नुसतं चिन्ह घेत असाल, तर ६ महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज करून त्याच्या निर्देशाप्रमाणे जाहिरात द्यावी लागते. ते राहिलं तर हस्तांतरणच लागू होत नाही.

एक गोष्ट हमखास सुटते ती मैलांच्या योजनेची, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना प्रवासावर गुण देणाऱ्या योजनेची. जेटची प्रवासी मैल योजना वेगळ्या कंपनीत होती. विमानं थांबल्यावर तीच २०१९ च्या अखेरीस इंटरमाइल्स नावाने चालू राहिली. म्हणजे नेहमीच्या प्रवाशांची यादी, जिच्यासाठी नाव घ्यायचं, ती विमान कंपनीपाशी नव्हतीच.

सगळी जुळवाजुळव झाली, तर परवान्याचे टप्पे कोणते आणि गाडं अडतं कुठे?
– विमान देखभाल अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, वर्धा रोड

आधी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं ना-हरकत पत्र. त्यासाठी संचालकांची गृह मंत्रालयाकडून सुरक्षा तपासणी होते. मालक बदलला की संचालक बदलतात, आणि मग ही तपासणी नव्याने. परदेशी विमान कंपनीचा पैसा असेल तर ४९ टक्क्यांची मर्यादा सांभाळावी लागते.

मग डीजीसीएकडे पाच टप्पे: प्राथमिक भेट, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक तपासणी आणि प्रमाणपत्र. वेळ खातो तो तिसरा टप्पा. उड्डाण पुस्तिका, प्रशिक्षण पुस्तिका, सुरक्षा व्यवस्थापन पुस्तिका, देखभाल व्यवस्थेचं विवरण, कोणता भाग नादुरुस्त असताना उडता येतं त्याची यादी, धोकादायक मालाची कार्यपद्धती, शिवाय विमान सुरक्षा ब्युरोकडून सुरक्षा कार्यक्रमाची मंजुरी. जुन्या कंपनीच्या पुस्तिका असतात, आणि त्या तारखा बदलून देता येतील असं नव्या मालकाला वाटतं. तसं होत नाही. दरम्यान नियम बदललेले असतात आणि विमानाचा प्रकारही बहुधा वेगळा असतो. पुस्तिकेत एक इंजिन आणि भाडेकरारात दुसरं, एवढ्याशा तफावतीवरून पूर्ण संच परत येतो.

त्याच सुमारास जबाबदार व्यवस्थापक, उड्डाण प्रमुख, देखभाल प्रमुख, प्रशिक्षण प्रमुख, सुरक्षितता प्रमुख ही पदं डीजीसीएला मान्य होतील अशा माणसांनी भरलेली लागतात. विमानाआधी ही माणसं नेमा. अनुभवी कमांडरला जुन्या कंपनीत १२ महिन्यांची आणि सहवैमानिकाला ६ महिन्यांची नोकरी सोडण्याची पूर्वसूचना द्यावी लागते, म्हणून आज होकार दिलेला कमांडर पुढच्या वर्षी हाती येतो. एका मध्यम जेट विमानाला वैमानिकांच्या ५-६ जोड्या धरल्या, तर ५ विमानांना ५० ते ६० वैमानिक होतात.

चौथ्या टप्प्यात डीजीसीएचे निरीक्षक विमानात बसून चाचणी उड्डाणं पाहतात. जेटने मे २०२२ मध्ये अशी ५ उड्डाणं केली. त्यात नेहमीच्या उड्डाणासारखंच सगळं करायचं: प्रवाशांची नोंद, सामानाचं वजन, वजनपत्रक, मार्ग बदलून दुसऱ्या विमानतळावर उतरणं, सूचना, कागद. चूक बहुधा उडवण्यात नसते. वजनपत्रक आणि प्रत्यक्ष बसवलेली माणसं जुळत नाहीत, केबिन क्रूची उत्तरं पुस्तिकेशी जुळत नाहीत, अशा ठिकाणी ती सापडते.

पण गाडं खरं अडतं ते पैशांच्या वेळापत्रकात. विमान ताब्यात आल्या दिवसापासून भाडं चालू. त्याआधी साधारण ३ महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, आणि वर प्रत्येक उड्डाण तासामागे देखभाल निधी. तिकीट विक्री मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच आणि वेळापत्रक मंजूर झाल्यावरच. या मधल्या काळात उत्पन्न शून्य असतं आणि पगार, प्रशिक्षण, विमा, भाडं सगळं चालूच असतं. या काळाचा खर्च निदान ६ महिन्यांचा उशीर गृहीत धरून बाजूला काढलेला नसेल, तर पहिलं विमान मागवूच नये. गो फर्स्टच्या प्रकरणात, मे २०२३ मध्ये दिवाळखोरी दाखल झाल्यावर, भाड्याने दिलेली ५४ विमानं सोडवायला मालकांना एप्रिल २०२४ मधल्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत थांबावं लागलं. नंतर कायदा त्यांच्या बाजूने सुधारला, पण विमान भाड्याने देणारे आजही नवख्या मालकाकडून अनामत कडकच घेतात.

सोनेगाव विमानतळावर एक जुनं बोइंग वर्षानुवर्षं उभं होतं. अशी पडून असलेली विमानं स्वस्तात घेऊन का सुरुवात करू नये?
– निवृत्त यंत्र अभियंता, प्रतापनगर

ते बोइंग ७२०, चार इंजिनांचं. १९९१ मध्ये नागपुरात उतरलं आणि २०१५ पर्यंत तिथेच राहिलं. तसल्या विमानाचा भंगाराव्यतिरिक्त उपयोग नसतो. पण दोन-तीन वर्षं उभं असलेलं अलीकडचं विमानही दिसतं तितकं स्वस्त पडत नाही.

विमानाच्या भागांना तीन प्रकारची आयुर्मर्यादा असते: उड्डाण तास, उड्डाणांची संख्या आणि कॅलेंडर. पहिल्या दोन उभ्या विमानात थांबतात, तिसरी धावतच राहते. लँडिंग गिअरचं (चाकांच्या सांगाड्याचं) साधारण १० वर्षांनी होणारं ओव्हरहॉल, आपत्कालीन घसरगुंड्या, ऑक्सिजन आणि अग्निशमन सिलिंडरच्या दाबचाचण्या यांच्या तारखा हँगरच्या कोपऱ्यातही येतात.

विमान उभं करताना इंजिनाची तोंडं झाकून आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी ठेवावी लागते, टाकीच्या तळाचं पाणी नियमित काढावं लागतं, नाहीतर इंधनात बुरशी धरते. चाकं ठरलेल्या अंतराने फिरवली नाहीत तर टायर एका बाजूला चपटे होतात. वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं झाकण निघालं असेल तर कुंभारमाशी आत मातीचं घर करते, आणि मग धावपट्टीवर वेग चुकीचा दिसतो. नागपूरचा उन्हाळा यासाठी बरा, पण जूननंतरची दमट हवा नाही.

या सगळ्यावर मात करता येते. नोंदींवर येत नाही. इंजिनातल्या आयुर्मर्यादित चकत्यांचा इतिहास निर्मितीच्या दिवसापासून सलग लागतो. कंपनी बंद पडताना पगार थकतात, नोंदी ठेवणारे लोक निघून जातात, मधलं एखादं पान हरवतं, आणि मग चांगली दिसणारी चकती बाद धरावी लागते. म्हणून विमान बघायला जाण्याआधी नोंदींचे खोके बघा. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या विमानांच्या देखभालीची सोय आहे, पण तिथेही काम सुरू होतं ते नोंदींपासूनच.

जुन्या कंपनीच्या मुंबईच्या सकाळच्या वेळा नव्या मालकाला मिळतात का?
– डॉक्टर, रामदासपेठ

नाही. विमानतळावर उतरायला-उडायला मिळालेली एखादी वेळ हंगामात निदान ८० टक्के वापरली तरच पुढच्या हंगामात तिच्यावर हक्क राहतो. जेट थांबल्यावर तिच्या मुंबई-दिल्लीच्या वेळा इतरांना दिल्या गेल्या आणि २०२१ च्या योजनेतही त्या परत मिळतील अशी हमी नव्हती. नागपुरात वेळ मिळणं तितकं अवघड नाही, अडचण मुंबईच्या टोकाला असते. त्यामुळे नव्या मालकाने ‘नागपूरहून सकाळी ६ ला’ असं जाहीर केलं, तर मुंबईत उतरायची वेळ मंजूर आहे का ते विचारा.

जुन्या नावाने प्रवासी परततात का?
– विपणन क्षेत्रातले वाचक, खामला

पहिल्या महिन्यात येतात, कुतूहलाने. नंतर वेळापत्रक पाळलं गेलं तर टिकतात. ब्रिटनमधली फ्लायबी मार्च २०२० मध्ये बुडाली, एप्रिल २०२२ मध्ये नव्या मालकाखाली परत उडाली आणि २८ जानेवारी २०२३ ला पुन्हा बंद झाली. नाव घराघरांत माहीत होतं, पण ठरलेली १७ विमानं वेळेवर आली नाहीत. आपल्याकडे एअर डेक्कन डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली मुंबई-जळगाव मार्गाने परतली. नाव लोकांच्या ओळखीचं होतं, संस्थापकही तेच होते. पण १९ आसनी लहान विमानं मोजकीच होती. एक बिघडलं की बदली विमान नसायचं आणि फेरी रद्द व्हायची. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत तीही थांबली.

माझ्याकडे बंद पडलेल्या कंपनीची तिकिटं आणि थोडे शेअर आहेत. नाव परत आलं तर काही मिळेल?
– गृहिणी, महाल

नुसतं नाव विकलं गेलं तर नव्या मालकावर तुमचं काही देणं लागत नाही. तिकिटाच्या पैशांसाठी अवसायकाकडे मुदतीत दावा लावावा लागतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ च्या क्रमात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांचे पगार आणि तारण घेतलेल्या बँका, त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने, पुढे विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्यांच्याही मागे तुमच्यासारखे प्रवासी. शेअरधारक सगळ्यांत शेवटी. तिथवर पैसा क्वचितच पोचतो.

पूर्वीच्या एका विमान कंपनीच्या नावाने मुलीला केबिन क्रूचं नेमणूकपत्र आलं आहे. प्रशिक्षणाआधी अनामत मागतात. भरावी का?
– पालक, हिंगणा

भरू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची यादी असते, त्यात हे नाव आहे का ते पाहा. कंपनी परवान्याच्या प्रक्रियेत असेल तर यादीत नसेल, पण मग मंत्रालयाच्या ना-हरकत पत्राची प्रत मागा. पत्र कोणत्या ईमेल पत्त्यावरून आलं आणि पैसे कुणाच्या खात्यात मागितले तेही बघा. वैयक्तिक खातं किंवा यूपीआय क्रमांक दिला असेल तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, पहिल्या काही तासांतच बँक ती रक्कम अडवू शकते.