कोरी कॉफी, काढा आणि चवीचा उठाव

प्रश्न असा आहे: चॉकलेट केकच्या एका इंग्रजी पाककृतीत ‘अर्धा कप ब्रूड कॉफी, फ्लेवर एन्हान्सर म्हणून’ असं लिहिलंय. ते मराठीत आणताना ‘कॉफीचा काढा’ आणि ‘स्वादवर्धक’ हे शब्द सुचले. चालतील का?

आधी ‘ब्रूड’चं बघू. तो जसाच्या तसा ठेवला तर घोटाळा होतो, कारण आपल्याकडे ब्रू हे कॉफीच्या एका ब्रँडचं नाव. वाचणारा फडताळात ती बाटली शोधू लागेल. पण तो गाळूनही भागत नाही. मी एकदा गाळला होता. वहिनीला पाककृती लिहून देताना नुसतं ‘अर्धा कप कॉफी’ लिहिलं आणि तिने मोजून अर्धा कप पावडर घातली. केक कडूजहर. चूक माझीच, कारण मराठीत ‘कॉफी’ म्हणजे झाड, पूड आणि पेय असं सगळंच. डब्यातली कॉफी संपते, कपातली गार होते. इंग्रजी पाककृतीत ते विशेषण नेमकं हेच सांगायला असतं की इथे पूड नको, तयार पेय हवं.

‘ब्रू’ला एकच क्रियापद मराठीत नाही आणि त्याची गरजही कधी पडली नाही. चहा आपण टाकतो किंवा ठेवतो, मग झाकून मुरू देतो. कॉफी नुसती करतो. काढा उकळून आटवतो. हातभट्टीची गाळतात. इंग्रजीने चहा, कॉफी आणि बिअर एका दाव्याला बांधली म्हणून आपणही बांधायला हवी असं नाही.

‘काढा’ मात्र नको. ‘कढणे’, ‘कढत’, ‘कढी’, ‘काढा’ हे सगळं संस्कृतातल्या ‘क्वथ्’ या धातूचं गोत. त्यात उकळणं आहे. आयुर्वेदात तर यासाठी वेगवेगळी नावंच आहेत: पाण्यात उकळून आटवलेला तो क्वाथ, भरड पुडीवर गरम पाणी ओतून गाळलेला तो फांट, आणि रात्रभर गार पाण्यात भिजवून गाळलेला तो हिम. या हिशेबाने हल्लीची कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीचा हिमच की! आणि माटुंग्यात पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरते तिला सगळे ‘डिकॉक्शन’ म्हणतात, म्हणजे शब्दार्थाने काढा. पण ती उकळलेली नसतेच, तो अस्सल फांट. अर्थात केकच्या साहित्यात ‘फांट’ लिहिलंत तर कुणी केक करणार नाही. आणि ‘काढा’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला सुंठ आणि सर्दी आठवेल.

‘अर्क’ही नको. अर्क म्हणजे काढून घेतलेलं सत्त्व, थेंबांनी मोजायचं. अर्धा कप अर्क ही भीतिदायक गोष्ट आहे. (माणसाला ‘अर्क आहे’ म्हणतात तेही याच तीव्रतेमुळे असावं, असं मला वाटतं.)

माझं मत ‘कोरी कॉफी’ला. ‘काळी कॉफी’ कळते, पण ते ‘ब्लॅक’चं भाषांतर. कोरा चहा आपल्या घरात पूर्वीपासून आहे: दूध न लागलेला. आपल्याकडे नुसती ‘कॉफी’ म्हटली की दूध-साखर आलीच, वर हौसेने उगाळलेलं जायफळही. म्हणून ‘कोरी’ म्हणणं इथे गरजेचंच. साखरेचं मात्र वेगळं सांगावं, कारण कोऱ्या चहात साखर असू शकते. छोले शिजवताना चहाची पुरचुंडी टाकतात किंवा ‘चहाचं पाणी’ घालतात, त्या चालीवर ‘कॉफीचं पाणी’ही बोलताना खपेल.

आता ‘स्वादवर्धक’. शब्द म्हणून शुद्ध आहे, पण त्याला अजिनोमोटोचा वास येतो. पाकिटामागे बारीक अक्षरात छापायचा तो शब्द. आणि केकमध्ये कॉफी नेमकं काय करते? कॉफी आणि कोको दोन्ही भाजलेल्या बियांचे. भाजताना तयार होणारी बरीच गंधद्रव्यं दोघांत सारखी. त्यामुळे थोडी कॉफी कोकोत मिसळून जाते, तिचा कडवटपणा साखरेला आवर घालतो, आणि गरम असेल तर कोकोचा वासही मोकळा होतो. खाणाऱ्याला कॉफी लागत नाही, चॉकलेट जास्त चॉकलेटी लागतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे हॅम परतलेल्या तव्यात कोरी कॉफी ओतून ‘रेड-आय ग्रेव्ही’ करतात, तिथे मात्र कॉफी चांगली कळते. तिला नुसतं वर्धक म्हणणं अन्याय होईल.

स्वतः लपून दुसऱ्याला पुढे करणं ही गोष्ट मराठी स्वयंपाकाला नवी नाही. आमटीत गुळाचा खडा असतो तो आमटी गोड करायला नव्हे. पुरणात चिमूटभर मीठ पडतं. याला आपण नाम पाडलेलं नाही. ‘-पुरतं’ आणि ‘किंचित’वर काम भागवलं. चवीपुरतं मीठ. आणि परिणाम सांगायला क्रियापदं आहेत: चव येते, चव खुलते, चवीला उठाव येतो. ‘वाढते’ म्हणवत नाही, कारण इथे चव वाढत नाही, होती तीच वर येते. म्हणून ‘उठाव’ मला सगळ्यात नेमका वाटतो.

भाजीला कूट लावतात तसं ‘केकला कॉफी लावा’ म्हणण्याचा मोह मात्र टाळा. लोक ब्रश घेऊन बसतील.

तर ती ओळ मी अशी लिहीन: ‘चॉकलेटच्या चवीला उठाव यावा म्हणून अर्धा कप (१२० मिली) गरम कोरी कॉफी, बिनसाखरेची.’ आणि वहिनीसाठी कंसात: पावडर १ चमचा, बाकी पाणी.