जुन्या अमेरिकन गाडीचे इंजिन ओळखायचे कसे?

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न जुन्या अमेरिकन गाड्यांच्या इंजिनांविषयी आहेत. उत्तरांत येणारी डावी-उजवी बाजू ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहताना जशी असते तशी धरावी, बोनेटसमोर उभे राहून नव्हे. अमेरिकन मॅन्युअलांत ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी बाजू, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असते. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर ते वाक्य जसेच्या तसे लावले की माणूस भलत्याच बाजूला नंबर शोधत बसतो.

प्रश्न : घरी १९५७ची शेवरले व्ही-८ आहे. विकणाऱ्याने इंजिन मूळचे २८३ (घन इंच क्षमतेचे) असल्याचे सांगितले होते. मेस्त्री म्हणतात, हे नंतर बसवलेले ३५० आहे. रंग नारिंगी, कव्हरवर शेवरलेचे नाव. खरे काय, ते इंजिन न खोलता कळेल का? (वाचक, फोंडा)

बहुतेक कळेल. रंग आणि कव्हरवरचे नाव मात्र आधी बाजूला ठेवा. नारिंगी रंग डब्यात मिळतो आणि टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचे झाकण, अर्ध्या तासात बदलता येते. बिडाच्या ओतकामात जे आहे तेवढ्यावरच भरवसा ठेवायचा.

इंजिन शेवरलेचे स्मॉल ब्लॉक, म्हणजे त्यांच्या लहान व्ही-८च्या घराण्यातले, आहे ना, हे पहिले. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, मागे फायरवॉलला लागून हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे पाहा : प्रत्येक बाजूच्या चार तोंडांपैकी मधली दोन एकमेकांना चिकटून असतात. टॅपेट कव्हरला चार बोल्ट, तेही कडेला. सात बोल्ट दिसले तर ते १९६५पासूनचे बिग ब्लॉक, आणि बोल्ट कव्हरच्या मधोमध उभ्या रांगेत असतील तर हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, १९८७ किंवा नंतरचे.

आता काळ ठरवू. १९५९पर्यंतच्या हेडवर कव्हरचे वरचे दोन बोल्ट खालच्या दोन बोल्टांच्या सरळ रेषेत येत नाहीत. १९६०पासून ते समोरासमोर आले. तुमची कव्हरे सरळ बोल्टांची असतील तर निदान हेड तरी मूळचे नाही. हेडच्या पुढच्या-मागच्या टोकाच्या सपाट भागावर आटे पाडलेली भोके दिसली तर ते हेड १९६९ किंवा नंतरचे. डायनमो, कंप्रेसर यांचे ब्रॅकेट लावण्यासाठी ती तेव्हापासून आली.

पण हेडही बदलता येते, म्हणून ब्लॉककडे या. १९५५ ते १९५७ या वर्षांत इंजिन ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरच्या माउंटिंगवर बसत असे. ब्लॉकच्या दोन्ही कुशींना माउंटिंगसाठी उठाव आणि तीन-तीन भोके १९५८पासून आली. तुमच्या गाडीत माउंटिंग पुढे बांधलेले असले, तरी हात घालून कुशी चाचपून पाहा. तिथे न वापरलेली भोके सापडली तर ब्लॉक १९५७चा नाही. तेलाची कांडीही बोलकी आहे : १९७९पर्यंत डावीकडे, १९८०पासून उजवीकडे.

शेवटी नंबर. डाव्या हेडच्या मागे, गिअरबॉक्सचे बेलहाउसिंग जिथे ब्लॉकला मिळते त्या फळीवर, वर उठलेल्या आकड्यांत कास्टिंग नंबर असतो. हात सहज पोचत नाही. लहान आरसा आणि टॉर्च घ्या, किंवा मोबाइल आत धरून फोटो काढा. त्याच फळीवर, बहुधा उजव्या बाजूला, ओतकामाची तारीख असते : महिन्याचे अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ‘सी १२ ७’ म्हणजे १२ मार्च, पण १९५७, १९६७ की १९७७, हे तारीख सांगत नाही. म्हणूनच माउंटिंग आणि कांडी आधी पाहायला सांगितले. ओतकाम गाडी जुळण्याच्या काही आठवडे किंवा महिने आधीचे असायला हवे. तारीख गाडीनंतरची निघाली तर विषय संपला.

कास्टिंग नंबर म्हणजे इंजिनाचे संपूर्ण वर्णन मात्र नव्हे. ३९७००१० हा नंबर ३५०च्या ब्लॉकवर सर्रास सापडतो, पण त्याच ब्लॉकच्या मेन कॅपला (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्यांना) कधी दोन बोल्ट असतात, कधी चार. ते तेलाची चरवी, म्हणजे ऑइल पॅन, उतरवल्याशिवाय दिसत नाही. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकच्या सपाट पट्टीवर ठोकलेला नंबर असतो. त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून ते इंजिन कोणत्या गाडीसाठी, कोणत्या गिअरबॉक्सबरोबर निघाले ते कळते. २८३ हे १९५७ ते १९६७ या काळातले, ३५० पहिल्यांदा आले १९६७च्या मॉडेलमध्ये. बाहेरून दोन्ही जुळी भावंडे वाटतात, त्यामुळे मेस्त्रींना नुसत्या नजरेने ३५० दिसले असेल तर नंबर निघेपर्यंत त्यांचेही म्हणणे पक्के धरू नका.

प्रश्न : आमच्याकडे प्रीमियरने कुर्ल्यात जुळवलेली डॉज किंग्सवे आहे. हेडचे पॅकिंग फुटले. डॉजचे म्हणून मागवलेले पॅकिंग बसत नाही, लांबीला मोठे होते. असे का? (वाचक, म्हापसा)

कारण नाव डॉजचे असले तरी किंग्सवे ही मुळात प्लिमथच. क्रायस्लर परदेशी बाजारांसाठी प्लिमथवर वेगवेगळी नावे लावत असे. डिसोटो डिप्लोमॅटही त्यातलीच. बोनेटवरच्या नावावरून या गाड्यांचे सुटे भाग कधीच मागवू नयेत.

या सगळ्यांत सहा सिलिंडरचे फ्लॅटहेड इंजिन असते : व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वर सपाट बिडाचे हेड, त्यावर एका रांगेत सहा प्लग. दिसायला सारखी असली तरी लांबीने दोन घराणी आहेत. प्लिमथ आणि अमेरिकेत बनलेल्या डॉजचे हेड साधारण साडेतेवीस इंच, म्हणजे ५९७ मिलिमीटर. डिसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांचे हेड साधारण २५ इंच. टेप हेडच्या बिडावरच धरा, पाण्याच्या नळीचे तोंड धरून मोजू नका. तुम्हाला डॉजचे म्हणून मिळालेले पॅकिंग बहुधा या लांब घराण्याचे आहे. एवढ्यावर पॅकिंगचा प्रश्न सुटतो.

इंजिन २१८ आहे की २३० हे हवे असेल तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, मोजावा लागतो, कारण दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंचच आहे. सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक छोटा पाइप-प्लग असतो, तो काढा. सगळे स्पार्क प्लगही काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, बॅटरीची तार सोडा. त्या भोकातून सरळ, गुळगुळीत, पाऊण फुटापेक्षा लांब सळई पिस्टनवर टेकवा आणि पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. सेल्फ अजिबात मारू नका. सळई तिरकी होऊन अडकली तर पिस्टनला घाव बसतो. सर्वांत वर आणि सर्वांत खाली, दोन्ही वेळा हेडच्या पातळीवर सळईला खूण करा. अंतर १११ मिलिमीटर आले तर २१८, ११७.५ आले तर २३०. फरक साडेसहा मिलिमीटरचाच आहे, म्हणून सळई उभी राहिली याची खात्री करून दोन-तीनदा मोजा.

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, डायनमोच्या वरच्या उठावावर ठोकलेला असतो. पी-१५ने सुरू झाला तर १९४६ ते १९४८च्या काळातले प्लिमथ, डी-२४ असेल तर त्याच काळातली डॉज. हेड काढलेच आहे तर वॉटर पंप उतरवून त्यामागची पत्र्याची लांब नळीही तपासा. ती ब्लॉकच्या आतून मागच्या सिलिंडरांना पाणी नेते. गंजून तिची चाळण झाली की मागचे सिलिंडर तापतात, आणि नवे पॅकिंगही टिकत नाही.

प्रश्न : फोर्डच्या सपाट हेडच्या व्ही-८चे वर्ष कसे ओळखावे? कागदपत्रे हरवली आहेत. (वाचक, मडगाव)

हे इंजिन अमेरिकेतल्या गाड्यांत १९३२ ते १९५३पर्यंत होते. एका हेडचे स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले, वरून नट लागणारे आटेदार दांडे) मोजा. २१ असतील तर १९३८ किंवा त्याआधीचे. २४ असतील तर १९३८ किंवा नंतरचे. २१ स्टडच्या इंजिनात वॉटर पंप हेडांवर असतील तर १९३६पर्यंतचे, ब्लॉकवर असतील तर १९३७चे वा पुढचे.

नंतर डेल्को पाहा. १९४८पर्यंत तो कॅमशाफ्टच्या टोकावर, इंजिनाच्या अगदी तोंडाशी खाली बसलेला असतो. १९४९पासून तो वर, उभा आला. त्याच वर्षापासून ब्लॉकबरोबर ओतलेले अर्धे बेलहाउसिंग गेले आणि पूर्ण वेगळे आले, शिवाय हेडला स्टडऐवजी बोल्ट आले. हेड अदलाबदल झालेली पुष्कळ इंजिने असतात, म्हणून निर्णय बेलहाउसिंगवर घ्यावा. प्रत्येक बाजूला एक्झॉस्टची तीनच तोंडे दिसून गोंधळू नका. मधले दोन सिलिंडर एकाच तोंडातून धूर सोडतात. हे इंजिन तापते त्याचेही हे एक कारण, कारण तो गरम धूर ब्लॉकमधून वाट काढत बाहेर येतो.

प्रश्न : बोनेट उघडल्याबरोबर कंपनी ओळखता येईल अशी एखादी खूण आहे का? (वाचक, साखळी)

व्ही-८साठी डेल्कोची जागा. साठच्या दशकातल्या फोर्डमध्ये तो पुढे असतो, शेवरले, पाँटिअॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये मागे. फोर्डचे १९५४पासूनचे वाय-ब्लॉक याला अपवाद, त्यात तो मागे आहे. क्रायस्लरमध्ये दोन्ही सापडतात : २७३, ३१८, ३४०, ३६० यांत मागे आणि टॅपेट कव्हरला पाच बोल्ट, ३८३, ४४० या मोठ्या इंजिनांत पुढे, तिरका.

फोर्डमध्येही बोल्ट मोजावेत. सहा असतील तर २८९, ३०२ यांच्या घराण्यातले. पाच असून इनटेक मॅनिफोल्डचा काठ टॅपेट कव्हरच्या खाली शिरलेला असेल तर ३५२, ३९० यांचे ‘एफई’ घराणे. ही खूण कुठल्याही दुसऱ्या फोर्डशी गल्लत होऊ देत नाही. आठ असतील तर ३५१ क्लीव्हलँडच्या घराण्यातले, आणि त्याची रेडिएटरची वरची नळी मॅनिफोल्डला नव्हे, थेट ब्लॉकला जाते.

रुंद कव्हरच्या मधोमध प्लग शिरताना दिसले की ते क्रायस्लरचे हेमी. सरळ सहा सिलिंडरचे इंजिन उजवीकडे ३० अंश कललेले दिसले की ते १९६०पासूनचे स्लँट सिक्स. माउंटिंग तुटले असेल असे समजून त्याला सरळ करायला जाऊ नका.

प्रश्न : ठोकलेला नंबर गंजाखाली गेला आहे. ग्राइंडर चालेल का? (वाचक, पेडणे)

मुळीच नाही. ठोकलेला आकडा अगदी उथळ असतो, ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर तो कायमचा पुसतो. शिवाय पट्टीवर घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणी करणाऱ्याला नंबर बदलल्याचा संशय येतो. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासा, पुन्हा भिजवा. खाऱ्या हवेतल्या गंजाला तीन-चार फेऱ्या लागू शकतात. ॲसिड लावू नका, ते आकड्यांच्या कडा खाते. मग टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा. उथळ घावांच्या सावल्या उठून दिसतात. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली तरी आकडे उमटतात. काम झाल्यावर पट्टीवर तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ हात द्या, रंग नको.

प्रश्न : आमच्या शेवरलेत कोणीतरी डिझेल इंजिन बसवले आहे. व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का? (वाचक, डिचोली)

आहे त्या स्थितीत होणे कठीण. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

मूळ जातीचे इंजिन शोधण्याआधी गाडीखाली जाऊन पाहा. डिझेल इंजिन बसवताना पुढचा क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी तुळई) कापला आहे का, माउंटिंगचे नवे कान वेल्ड केले आहेत का, गिअरबॉक्स तोच आहे का, प्रॉपेलर शाफ्ट आखूड केला आहे का, हे सगळे टिपून फोटो काढून ठेवा. क्रॉसमेंबर शाबूत असेल तर जुन्या माउंटिंगची भोके तिथेच असतात, आणि त्यांच्या मापांवरून मूळ इंजिन सरळ सहा होते की व्ही-८ हे ठरवता येते. तो कापलेला असेल तर इंजिनाच्या आधी त्याचा खर्च काढून घ्या. इंजिन हाती आल्यावर त्याचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल, तर बदलाची नोंद वाहतूक खात्याकडून रीतसर करून घ्या आणि मगच व्हिंटेजचा अर्ज भरा.