टमी टकनंतर पोट फुगले. ‘तक्रार नाही’ या कागदावर सही करावी का?

आपण कळवले आहे की, सहा आठवड्यांपूर्वी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात आपली टमी टक, म्हणजे पोटावरची जादा कातडी व चरबी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. जखमेतील पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी काढल्यानंतर बेंबीखाली उजव्या बाजूला फुगवटा आला, दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखे वाटते, आणि डॉक्टर न तपासता फोनवरच ‘पट्टा बांधा, उतरेल’ असे सांगतात. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास दुसरी शस्त्रक्रिया मोफत करू, असे रुग्णालय म्हणते. केस पेपरच्या प्रती मात्र देत नाही.

कृपया सही करू नका. त्याहीआधी, आजच सरकारी सीपीआर रुग्णालयात किंवा दुसऱ्या सर्जनकडे पोट तपासून सोनोग्राफी करून घ्या. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, कातडी काळी पडणे, पोटरीला सूज किंवा धाप लागणे यांपैकी काही दिसल्यास क्षणभरही थांबू नका. प्रकृतीसाठी हे आवश्यक आहेच, शिवाय तो तारखेचा अहवाल पुढे आपला पुरावा ठरेल.

या शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली पाणी साचणे, म्हणजे सेरोमा, ही ज्ञात गुंतागुंत आहे आणि सूज काही महिनेही राहू शकते. त्यामुळे फुगवटा आला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. डॉक्टरांचे वर्तन सामान्य कुशल डॉक्टरच्या मापाने जोखावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (2005) सांगितले आहे. मात्र रुग्ण वारंवार सांगत असताना तिला तपासायलाही न बोलावणे हे त्या मापात बसते का, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते आपली बाजू येथेच बळकट आहे. म्हणून फोनच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि तारखेसह काढलेली छायाचित्रे जपून ठेवा.

केस पेपर, शस्त्रक्रियेची टिपणे आणि संमतीपत्राची प्रत लेखी अर्ज करून मागा व अर्जाची पोच घ्या; वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारविनियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे. संमतीपत्रात पाणी साचण्याचा धोका आपल्याला समजेल अशा भाषेत नमूद होता का, हेही पाहा. समीरा कोहली प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार (2008) एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र, समजून घेतलेली संमती हवी.

आता सहीच्या कागदाबद्दल. न्यायालयात जाण्याचा मार्ग पूर्णपणे बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 28 नुसार रद्दबातल ठरतो, हे खरे. परंतु ‘पूर्ण समाधान झाले’ अशी तडजोड आपण सहीनिशी मान्य केली, तर ती दबावाखाली झाली हे दाखवण्याचा भार आपल्यावर येईल.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली आपण राहता त्या कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि उपचारासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. नातेवाईक सुचवतात त्या पोलीस फिर्यादीची घाई नको. फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो.

तूर्त रुग्णालयाला स्पीड पोस्टने एवढेच कळवा की, उपचार घेण्यास आपण तयार आहात, मात्र कोणत्याही अटीविना आणि आपले सर्व हक्क राखून.