अनोळखी माणसाचे देणे

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात ठाणे स्थानकाबाहेर सॅटिसच्या पुलावर त्यांची साखर अचानक उतरली आणि ते जागीच खाली बसले. एका तरुणाने त्यांना सावलीत नेले, सरबत आणून पाजले, त्यांच्याच मोबाइलवरून मला कळवले आणि रिक्षात बसवून रुग्णालयात आणले. मी पोहोचले तेव्हा "काका आता बरे आहेत, ताई" एवढेच बोलून तो निघाला. रिक्षाचे पैसे त्याने घेतले नाहीत आणि नावही सांगितले नाही. वडील आयुष्यभर हिशेबाची वही ठेवत आले आहेत. त्या दिवसाच्या पानावर त्यांनी 'देणे' असे लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे, आणि आता ते रोज त्याच वेळी पुलावर जाऊन उभे राहतात. रुग्णालयाच्या सीसीटीव्हीतून त्या तरुणाचे छायाचित्र मिळवून समाजमाध्यमांवर टाकावे, असे माझा भाऊ म्हणतो. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : छायाचित्र टाकू नये. नाव विचारल्यावर ज्याने ते सांगितले नाही, त्याला हजारो लोकांसमोर उभे करणे हे आभार मानणे नव्हे. त्याने जे स्वतःजवळ ठेवले ते त्याच्या परवानगीवाचून घेणे आहे, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

आपल्या वडिलांची बेचैनी मात्र मला फार आदरणीय वाटते. कोणाचे मिंधे राहायचे नाही या शिकवणीत वाढलेल्या माणसाला, ज्याची परतफेड करता येत नाही असे घेणे पेलत नाही. परंतु त्या तरुणाच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार वेगळा दिसतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी शिकागोतील बर्फावर घसरण्याच्या एका मैदानात काही लोकांना कपभर गरम चॉकलेट दिले आणि ते स्वतः न घेता अनोळखी व्यक्तीला देता येईल, असे सांगितले. ज्यांनी दिले त्यांना आपली कृती किरकोळ वाटली. ज्यांना मिळाले त्यांना ती देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी वाटली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील इतर प्रयोगांतही हीच तफावत आढळली. तेव्हा आपल्या वडिलांच्या लेखी जो प्राण वाचवणारा प्रसंग आहे, तो त्या तरुणाच्या लेखी बहुधा चुकलेल्या एका लोकलएवढाच असेल, आणि दोघेही आपापल्या जागी खोटे नाहीत.

वडिलांशी बोलताना त्यांना २६ जुलै २००५ची आठवण विचारून पाहावी. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकलगाड्या ठप्प झाल्या आणि असंख्य माणसांनी ती रात्र ज्यांचे आडनावही ठाऊक नव्हते अशांच्या घरी, त्यांच्या ताटात जेवून काढली. ठाण्यातील त्या पिढीच्या बहुतेक माणसांकडे त्या रात्रीची एखादी हकिकत असते. वडिलांनी तेव्हा कोणाला घरात घेतले असेल, तर त्याचे पैसे त्यांनी वहीत 'येणे' म्हणून मांडले होते का, हा प्रश्न मुलीने बापाला विचारायला हरकत नाही.

तरीही आभार पोहोचावेत असे वाटत असेल, तर ठाण्याच्या एखाद्या स्थानिक वृत्तपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी चार ओळी लिहून पाठवाव्यात : दिवस, वेळ, पूल, सरबत, आणि काका आता ठीक आहेत ही बातमी. ज्याने ते केले तो स्वतःला ओळखेल, आणि पुढे यायचे की नाही हे त्याच्या हाती राहील. रिक्षाचे भाडे देवळाच्या दानपेटीत टाकून हिशेब मिटवण्यासही माझी हरकत नाही, मात्र त्याने वडिलांचे समाधान होईल असे मला वाटत नाही. पुलावर जायचे असेल तर जाऊ द्यावे; फक्त खिशात साखरेची पुडी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

प्रश्न : पाम बीच रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या एका दुचाकीस्वाराला माझ्या मुलाने आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले. त्या अपघाताशी मुलाचा काहीही संबंध नव्हता. तेथे त्याचे नाव आणि पत्ता लिहून घेतला गेला. आता पोलिस-कोर्टाचे झेंगट मागे लागेल या भीतीने त्याच्या आईला झोप लागत नाही.
— एक वाचक, वाशी

उत्तर : मुलाच्या आईने निश्चिंत झोपावे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तातडीची मदत करणाऱ्यावर, ती मदत करताना काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. सप्टेंबर २०२०च्या नियमांप्रमाणे नाव, पत्ता वा ओळख सांगण्याची सक्ती पोलिस किंवा अन्य कोणीही त्याच्यावर करू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तोच ठरवतो. तो तयार झाला, तर त्याची चौकशी त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या वेशातील पोलिसाने करायची असते. या हक्कांची सनद रुग्णालयाने प्रवेशद्वारापाशी मराठीतही लावणे अपेक्षित आहे. पुढच्या वेळी तेथे गेलात तर ती दिसते का, ते अवश्य पाहावे.

केंद्र सरकारने अशा मदतकर्त्यांसाठी बक्षीसही ठेवले आहे. २०२१ मध्ये ते ५,००० रुपये होते आणि २०२५ मध्ये ते २५,००० रुपये करण्यात आले. पैशांसाठी कोणी भर रस्त्यात गाडी थांबवत असेल असे मला वाटत नाही, पण घरातील शंकेखोर मंडळींना गप्प करण्यास हा आकडा उपयोगी पडतो.

प्रश्न : मी साताऱ्याहून नेरूळला नोकरीसाठी आलो. गावी माणूस पडला तर दहा जण धावतात. येथे वळून बघतात आणि पुढे जातात. शहरात माणुसकी उरलेली नाही का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : वरची दोन्ही पत्रे याच शहरांतून आलेली आहेत. आपण पाहता ते खोटे नाही, पण त्याचे कारण माणसाच्या मनापेक्षा त्याच्या घड्याळात अधिक सापडते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले; ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांपैकी अवघे १० टक्के. यातील काही जण तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बोधकथेवरच बोलायला निघाले होते! सकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी गाठणाऱ्याला ही घाई रोजचीच असते.

शिवाय गर्दीत प्रत्येकाला दुसरा कोणीतरी पुढे होईल असे वाटते. त्यावर उपाय सोपा आहे. "कोणीतरी फोन करा" असे न ओरडता एकाकडे बोट करून "निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ला फोन लावा" असे सांगावे. दुसऱ्याला मागची वाहने थांबवायला लावावे. आपण नवीन आहात म्हणून आणखी एक सुचवतो : नवी मुंबईत नुसते रस्त्याचे नाव सांगून भागत नाही, तेव्हा रुग्णवाहिकेला सेक्टर, प्लॉट क्रमांक आणि जवळच्या सोसायटीचे नाव सांगावे, आणि ते ठाऊक नसेल तर जवळच्या सोसायटीच्या वॉचमनच्या हाती फोन द्यावा.