लोकलमधून पडून भाऊ गेला, पास सापडला नाही. रेल्वेवर केस करता येते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा महिन्यांपूर्वी भाऊ गेला, पाकीट आणि पास मिळाला नाही, पोलिसांच्या कागदावर 'रूळ ओलांडताना' असं लिहिलंय, मागे वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत. आणि एवढं सगळं सांगून तुम्ही विचारता की रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिक्षा कशी होईल. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही दीर आहात आणि मी अशाच एका घरातली वहिनी आहे, तेव्हा थोडं कडू बोलले तर ऐकून घ्या.

आधी कामाचं. दावा करता येतो. तो वहिनींनी करायचा, तुम्ही नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा, घटनेपासून एक वर्षाच्या आत, म्हणजे तुमच्याकडे दोनच महिने उरलेत. सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला असेल तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ तेवढ्यासाठीच आहे. रक्कम ठरलेली: १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख, त्याआधी ४ होते. वर व्याज. रेल्वेला हात वर करायचे तर आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, दारू किंवा वेड, आजारपण, यांतलं काहीतरी दाखवावं लागतं. किंवा तो मुळात प्रवासीच नव्हता, असं म्हणावं लागतं. तुमच्या बाबतीत ते हेच म्हणणार, कारण कागदावर 'रूळ ओलांडताना' आहे.

आमच्याही कागदावर हेच होतं.

माझे मिस्टर २०१९ च्या पावसाळ्यात गेले. बदलापूरहून मशीदला जायचे, मसाल्याच्या एका पेढीवर हिशेब लिहायला. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, दारापाशी ठरलेला ग्रुप. त्या दिवशी आधीची गाडी रद्द झाली आणि दोन गाड्यांची माणसं एकीत चढली. दिवा सोडल्यावर पुढे कुठेतरी हे पडले. दवाखान्यात मला डब्याची पिशवी मिळाली, छत्री मिळाली, मोबाइल मिळाला. पाकीट नाही. पास पाकिटात. कुणी काढलं, कुठे पडलं, देव जाणे.

पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की अप फास्ट लाइनवर, अमुक खांबाजवळ, रूळ ओलांडताना लोकलची धडक बसून मयत. आता ती जागा अशी की एका बाजूला दलदल आणि दुसऱ्या बाजूला भिंत. सकाळी नऊच्या सुमाराला बदलापूरचा माणूस डबा आणि छत्री घेऊन तिथे रूळ ओलांडायला कशाला उतरेल? पण बघणारं कुणीच नव्हतं आणि लिहिणाऱ्याला ते लिहिणं सोपं पडलं. मी त्या अंमलदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, रुळात बॉडी मिळाली की असंच लिहितो आम्ही." त्याला वाईट वाटत होतं, तेही सांगते. पण त्या एका ओळीने पुढची सगळी वर्षं खाल्ली.

इथे आमच्या थोरल्या भाऊजींचा प्रवेश. तेराव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, त्यांनी जाहीर केलं की रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिणार, मोटरमनला निलंबित करायला लावणार, वर्तमानपत्रात देणार. मी म्हटलं, मला दाव्याचं बघायचंय. तर सगळ्यांसमोर म्हणाले, "भावाच्या प्रेतावरचे पैसे खायचेत का?" सासूबाई गप्प. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, तिने ऐकलं ते वाक्य.

मी दावा केला. मी, मुलगी, मुलगा आणि सासूबाई, चौघं अर्जदार.

पासाचं काय झालं ते सांगते, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. यांना जुने पास फेकायची सवय नव्हती. बिस्किटाच्या डब्यात रबर लावून गड्डी ठेवलेली असायची, त्या डब्यावरून मी त्यांना बोलायची. प्रत्येक पासावर ओळखपत्राचा नंबर, बदलापूर ते मशीद, एकामागोमाग एक. शेवटचा तेवढा नाही. त्याच नंबरवर शेवटचा पास कधी निघाला, याची नोंद आम्ही बुकिंगकडून मागवली. पेढीचं हजेरीबुक लावलं. आणि यांच्या ग्रुपमधल्या वांगणीच्या एका गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र दिलं की आम्ही एकाच दारात होतो आणि गर्दीचा लोट आला तेव्हा ते गेले. या माणसाने रजा टाकून टाकून उलटतपासणी दिली. आमचे भाऊजी एकाही तारखेला फिरकले नाहीत, पण हा परका माणूस यायचा.

वकिलांनी २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा रीना देवीचा निकाल लावला. त्यात स्पष्ट आहे की मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं धरता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगायची, मग ती खोडून काढायचं ओझं रेल्वेवर. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत नसेल तर वकील बदला. शवविच्छेदनाचा अहवालही नीट वाचून घ्या. आमच्यात डोक्याला मार होता, हातपाय शाबूत होते, आणि आमच्या वकिलांनी सगळा जोर तिथे दिला की गाडी अंगावरून गेलेल्या माणसाचं शरीर असं राहत नाही. शिवाय विभागीय व्यवस्थापकांच्या नावाचा एक चौकशी अहवाल असतो, तो रेल्वे दाखल करते. त्याची प्रत घ्या. आमच्या अहवालात चौकशी करणारा त्या जागेवर गेल्याचं कुठेच नव्हतं.

रेल्वेच्या वकिलांनी मला विचारलं, "तुमचे मिस्टर दारात का उभे राहायचे?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही बदलापूरहून सकाळची गाडी धरून बघा, तुम्हाला आत जायला मिळालं तर माझा दावा मागे घेते. आमच्या वकिलांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण मी बोलले ते बोलले. तसंही दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टाने जमीला प्रकरणात २०१० मध्येच म्हटलंय. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये लोकलच्या प्रवाशांना गुराढोरांसारखं कोंबून नेतात, याची लाज वाटते, असं ऐकवलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं, पण त्या ऐकवण्याने कुणाच्या घरात दिवा लागत नाही.

मधे कोविड आला, तारखा लांबल्या. शेवटी ८ लाख आणि व्याज मंजूर झालं. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत गेला, सासूबाईंचा त्यांच्या खात्यावर. पुढच्याच महिन्यात भाऊजी आले. गावच्या घराचं छप्पर करायचंय, आईचा वाटा द्यायला सांग म्हणाले. तेव्हा ते पैसे प्रेतावरचे नव्हते.

तर तुमच्या 'शिक्षा कशी होईल' याबद्दल. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं कलम आहे, आता न्याय संहितेत १०६. पण गर्दीत पडलेल्या माणसासाठी तुम्ही कुणाचं नाव घेणार? मोटरमनला मागच्या डब्याच्या दारात काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही. वेळापत्रक लावणाऱ्याचं घेणार का? पंधरा डब्यांची गाडी का नाही म्हणून बोर्डाचं घेणार? माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या पुरुषांना अन्यायाशी लढल्याचं समाधान हवं असतं आणि बाईला जूनमध्ये शाळेची फी भरायची असते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, एकीमुळे दुसरी बंद होत नाही. पण पहिल्या वर्षात जेवढी ताकद आहे ती दाव्यात घाला.

हो, ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांमधून माणसं पडली त्या प्रकरणात काही महिन्यांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला गेला, हे मला माहीत आहे. तिथे रुळाच्या कामाचा विशिष्ट मुद्दा होता आणि सगळ्या राज्याचं लक्ष होतं. तुमच्या भावाच्या प्रकरणात तसं काही ठोस असेल तर जरूर तक्रार द्या. नुसत्या गर्दीवर गुन्हा उभा राहणं कठीण.

आणखी एक मला खुपतं. रस्त्यावर अपघात झाला तर वय, पगार, घरात अवलंबून किती, असं सगळं मोजून भरपाई ठरते. लोकलमधून पडलेल्याला मात्र पगार कितीही असो, घरात खाणारी तोंडं कितीही असोत, ८ लाखच. २०१७ पासून महागाई वाढली, हा आकडा हलला नाही.

वकिलाबद्दल. या दाव्याला कोर्ट फी नसते. दवाखान्याबाहेर किंवा घरी येऊन 'काही देऊ नका, निकाल लागल्यावर इतके टक्के' म्हणणारे भेटतील. असं टक्क्यावर काम घेणं वकिलांना मुळात चालतच नाही. पाटण्याच्या न्यायाधिकरणातल्या दाव्यांत गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांच्या पैशांवर डल्ला मारल्याच्या आरोपावरून ईडीने वकिलांना अटक केली होती, ते शोधून वाचा. वहिनींनी कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करायची नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

भावाचं पासबुकही बघा. वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. त्यात कळवायची मुदत तुमची उलटून गेली असणार, तरी बँकेत अर्ज द्या. पगारातून पीएफ कापत असतील तर त्याबरोबर कर्मचाऱ्याचा विमाही असतो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर कामावर जातानाचा अपघातही त्यात येऊ शकतो, विचारून घ्या.

मी वकील नाही, एका केसवरून बोलतेय, आणि प्रत्येक बेंचचं वागणं वेगळं असतं. भाऊ खरोखरच रूळ ओलांडत होता असं तुम्हाला आतून माहीत असेल तर खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. तो दावा टिकणार नाही आणि वहिनी उलटतपासणीत सापडतील. सज्ञान भाऊ म्हणून तुम्हाला या पैशांत वाटा नाही. बायको, मुलं, आणि अवलंबून असतील तर आईवडील. हे ऐकून तुमचा उत्साह कमी झाला नाही तर तुम्ही माझ्या भाऊजींपेक्षा बरे.

या आठवड्यात पंचनामा, स्टेशन मास्तरांचा मेमो (अपघात कळवणारी त्यांची चिठ्ठी) आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या नकला काढा. घरातले जुने पास शोधा, मोबाइलवर तिकिटाचं ॲप असेल तर त्यातला इतिहास बघा, डब्यातल्या मित्रांना फोन करा. वहिनींचं बँकेत खातं नसेल तर उद्या उघडून द्या, आणि त्या खात्यावर तुमचं नाव जॉइंट लावू नका.