मोटारसायकल क्लबमधील नव्या सदस्यास

क्लबमध्ये आपली ओळख गाडीच्या ताकदीवरून ठरेल असे नवख्यांना वाटते, मलाही वाटले होते. प्रत्यक्षात ती ठरते मदतफेरीच्या, म्हणजे गरजूंसाठी वस्तू व पैसे घेऊन समूहाने काढलेल्या फेरीच्या, आदल्या संध्याकाळी, जेव्हा खोकी बांधायला माणसे कमी पडतात. समूहात चालवताना म्होरक्याच्या मागेच राहावे आणि डाव्या-उजव्या दोन रेषांपैकी आपल्या रेषेतील पुढच्या गाडीपासून किमान २ सेकंदांचे अंतर ठेवावे. मदतीच्या बाबतीत मात्र अधिक सावध असावे: बालगृहासाठी खेळणी गोळा करण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकांना गरज विचारावी, कारण लहानग्यांसाठी बाहुल्यांचे ढीग जमतात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती काहीच येत नाही. जमलेली रक्कम दोघांनी मिळून मोजावी, पावती द्यावी, आणि स्वतःच्या पेट्रोलचा खर्च त्यातून कधीही काढू नये.